पिवळ्या दिव्यावरची काळी टेप

गाडीच्या इंजिनाला नारळाचं पाणी पाजणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर इंझोरीला या. मी बहुतेक मळ्यातच असतो, वांग्याच्या सरीत वाकलेला. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोणीतरी हमखास ओरडतो, "काय काका, आज मोटारपंपाले काय पाजून राह्यले? ताक का?" मी नुसता हात हलवतो. हे नाव मी माझ्या कर्तृत्वानं कमावलंय, तक्रार कुणाकडे करणार?

पण गावाला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे. नारळाच्या पाण्याचं ठाऊक आहे, टेपेचं नाही. राहिलेलं अर्धं सांगायचं तर मला थोडं हसत हसतच सांगावं लागतं. नाहीतर ते माझ्याच्यानं सांगून होत नाही.

माझ्या वहिनींना छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. सलाइनमधून द्यायची औषधं झाली, केस गेले, थोडे परत आले. मग डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितले. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, जणू पाय मुरगळल्यावर वीट तापवून द्यायची आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक, अमरावतीला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुट्टी असेल तेव्हा आम्ही देऊ. तुमच्या मनानं एकही दिवस चुकवायचा नाही. अर्ध्यात सोडलं तर आतापर्यंतचं केलेलंही उपयोगाचं राहणार नाही."

दादा जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी आमच्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मी पाचवीत होतो आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच करायचा उद्योग नुकताच सुरू केला होता. ती पहिली सही वहिनींनीच पकडली. बाबांना सांगितलं नाही, पण मला म्हणाल्या होत्या, "खोटं बोलतानी कान चोळू नोका भाऊजी, दुरून दिसते." आज माझ्या डोक्यावरचे केस पांढरे होऊन गळायला लागले, तरी तो कान काही सुटला नाही.

शेकाच्या खोलीतल्या माणसानं पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावर जांभळ्या शाईनं फुल्या मारल्या. घरी येऊन त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "माह्यी तं मोजनीच करून टाकली व. चारी कोपऱ्याले खुना गाडल्या." पहिले आठ-नऊ शेक असे थट्टेत गेले. दहाव्यापासून कातडी काळी पडायला लागली. मग काखेजवळ फोड आले. गाडीतला सीटबेल्ट त्यांना टोचायचा, म्हणून इंझोरी ते अमरावती आणि अमरावती ते इंझोरी त्या तो पट्टा उजव्या हातानं अंगापासून दूर धरून बसायच्या. येता-जाता तीन-साडेतीन तास हात तसाच. हात दुखला तर म्हणायच्या, "पट्टा सोडू का?" मी म्हणायचो, "नका सोडू, पोलीस धरतात." पोलिसांची भीती दाखवणारा मी, आणि त्या पट्टा धरून बसलेल्या.

बाराव्या शेकानंतर त्यांनी बोलून टाकलं.

"भाऊजी, बारा झाले नं? बस झालं. सोयाबीन वावरात उभं हाये, वांगे तोडाले आले, अन् तुमी मले रोज अमरावती दाखवून राह्यले. कायले?"

मी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा ऐकवलं. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. मशीन बंद.

आमच्या घरी दसऱ्याला शेतीचं सगळं सामान पुजतात. विळे, फवारणीचा पंप, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, सगळ्यांना हळदीकुंकू. चार वर्षांपूर्वी घेतलेली जुनी गाडीही आता त्या रांगेत आलीय. चाकाशी लिंबू, बॉनेटवर झेंडूची माळ, टायरजवळ नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी चाकांवर शिंपडायचं, झालं. पण यंदा गाडीवर माझा भलताच जीव होता. अजून तेरा वेळा तिला अमरावतीला जायचं होतं. शिवाय मी मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ बघून बघून अर्धा मिस्त्री झालो होतो. मी बॉनेट उघडलं, इंजिनावरची प्लास्टिकची टोपी काढली, फवारणीचा पंप पाठीला लावला आणि अख्खं इंजिन धुऊन काढलं. टोपी काढताना तिची एक खुंटी मोडली. मी खिशातला तारेचा तुकडा काढून ठेवला, नंतर बांधू म्हणून. बागायतदाराच्या खिशात तार आणि काळी टेप कायम असते. ठिबकची नळी फुटली तर टेप, कुंपण सुटलं तर तार. या दोन गोष्टींनी जगातलं काहीही नीट करता येतं, असं माझं मत होतं.

वहिनी पूजेचं ताट घेऊन आल्या. डावा हात वर होत नव्हता, म्हणून ताट माझ्या बायकोनं धरलं होतं. त्यांनी चाकांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नारळ मी फोडला. त्या पाणी चाकावर टाकायला वाकल्या तेव्हा माझ्यातला मिस्त्री जागा झाला.

"वहिनी, चाकावर काय टाकता? चाक तं नुसतं फिरते. खरं काम अथी चालू राह्यते. अथी टाका."

आणि मी उघडं इंजिन दाखवलं.

त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि करवंटीतलं पाणी अगदी सावकाश इंजिनाच्या मधोमध ओतलं. मग गाडीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे पाय, तू नेशीन तवरोक मी येईन. तू थांबली का मीबी थांबली."

माझी बायको हसली. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं की ही थट्टा नाही. त्यांनी गाडीला कौल लावला होता.

मी टोपी बसवली, मोडक्या खुंटीच्या जागी तार पिळली आणि बॉनेट बंद केलं.

तेराव्या शेकाला निघालो आणि कारंजा यायच्या आधीच समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं म्हणे ते. मला ते तोटी लावलेल्या पिंपासारखं दिसलं. गाडी चालत होती, मधूनच एखादी उचकी द्यायची. पण मला गाडीचं काही वाटलं नाही. माझी नजर शेजारच्या सीटवर गेली. वहिनींनी दिवा पाहिला होता.

"हे काय पेटलं?"

"काही नाही. सर्व्हिसिंगची आठवन देते ते. आजकालच्या गाड्यायले लय आठवनी राह्यतात."

माझा हात स्टिअरिंगवरून कानाकडे निघाला होता, तो मी अर्ध्यातून परत आणला.

अमरावतीला त्या आत गेल्यावर मी गाडीत बसून विचार केला. शहाण्या माणसानं त्याच दिवशी गाडी दाखवली असती. पण दाखवायचं म्हणजे गाडी गॅरेजमध्ये उभी करायची. उभी राहिली म्हणजे थांबली. आणि थांबली तर मीबी थांबली. शिवाय दिवा रोज पेटलेला दिसला तर त्या त्याला कौलच समजणार. मी खिशातून टेप काढली, दातानं तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला. वर अंगठ्यानं दाबून घेतला. दिवा गेला. मला इतकं बरं वाटलं की मी खाली उतरून चहा पिऊन आलो.

परत येताना त्यांनी विचारलं, "तथी काय चिपकवलं?"

"काचेले भेग गेली."

"एका दिवसात?"

"उन्हानं."

चौदावा शेक झाला. पंधरावा झाला. गाडीच्या उचक्या वाढल्या. चढावर ती आजारी म्हशीसारखी कण्हायला लागली. मी रेडिओचा आवाज मोठा केला. संध्याकाळी घरी आल्यावर वहिनींच्या काखेत मलम लावताना माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी यायचं. मी मळ्यात जाऊन उगाच नळ्या तपासायचो. आता दहाच राहिले, एवढंच डोक्यात. दहा दिवस गाडीनं ओढलं की पुढं तिचं काय व्हायचं ते होवो.

सोळाव्या दिवशी कारंजा ओलांडलं, आणि अमरावती रस्त्यावर गाडी थरथर कापायला लागली. पेट्रोलचा उग्र वास आला. मी पाय दाबला तर पुढं जाण्याऐवजी ती जागच्या जागी हलली आणि एका गॅरेजच्या अलीकडे पन्नास पावलांवर बंद पडली. दुपारचा दीड वाजला होता. आमची वेळ तीनची, आणि मशीन पाचला बंद व्हायचं.

वहिनींनी हळूच सीटबेल्ट सोडला. मला वाटलं, आता म्हणतील, गाडी थांबली, चला घरी. पण त्या खाली उतरल्या आणि गॅरेजकडे चालायला लागल्या. मी गाडी ढकलत मागून.

गॅरेजचा मिस्त्री माझ्याच वयाचा होता. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटांच्या रेघारेघांत काळं ऑइल. त्यानं वहिनींकडे एकदा पाहिलं, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल पाहिला, आणि काही न विचारता सावलीत खुर्ची ठेवली.

"बसा भाभी. पानी देऊ?"

मग माझ्याकडे वळून, "कुठं चालले?"

"अमरावतीले. दवाखान्यात. पाचच्या आत पोचाच लागते."

"मंग लवकर पाहू." त्यानं स्टिअरिंगखालच्या खाचेत एक वायर खोचली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला हातात मावेल एवढं यंत्र होतं. किल्ली फिरवली, यंत्रावर अक्षरं आली. ती वाचता वाचता त्याची नजर काट्यांवर गेली आणि तो थांबला.

"हे कोनं लावलं?"

त्यानं नखानं टेपेचं टोक उचललं आणि ती सरकन ओढली. खाली पिवळा दिवा लुकलुकत होता.

"दिवा लुकलुक करून राह्यला काका! लुकलुक म्हंजे गाडी उभी कर म्हनते ते. अन् तुमी त्याच्यावर पट्टी बांधली?" तो हसला नाही. "किती दिवस झाले?"

"आजच..."

"चार दिवस," खुर्चीतून वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं.

"इंजिन मिस मारून राह्यलं, मधेच ठोका चुकते त्याचा. यंत्र एवढंच सांगते का दुखनं कुठं हाये. काहून हाये ते तुमी सांगा. इंजिनावर पानीगिनी मारलं का?"

इथं मी जे केलं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न कसलं पाणी, आणि त्याच्या पुढचा प्रश्न कुणी ओतलं. आणि ओतणारी बाई दहा हातांवर बसलेली. शेकापायी कातडी सोललेली, त्या कौलाची वाट पाहणारी. तिला मी सांगायचं की तुमच्या पूजेनंच गाडी मेली?

"नाही," मी म्हणालो.

"धुतलं नाही?"

"नाही बावा."

"बारकाईनं आठवा."

"पेट्रोलचंच काही असन," मी माझं व्हिडिओतलं ज्ञान काढलं. "पेट्रोलात पानी असू शकते. असं होते."

"होते," तो म्हणाला. आणि गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या भल्या माणसानं पेट्रोलची नळी सोडली. पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढून उन्हात धरलं. फिल्टर काढला, फुंकला. टाकीतला पंप ऐकला. परत जोडलं, परत चालू करून पाहिलं. गाडी परत थरथरली. तो घामाघूम झाला होता. मी मधूनमधून "असं करून पाहा, तसं करून पाहा" म्हणत त्याला आणखी लांबच्या वाटेनं नेत होतो. असा एक तास गेला. मी घड्याळ बघत होतो आणि खोटं निस्तरायला नवीन खोटं शोधत होतो. वहिनी खुर्चीत बसून फक्त माझ्याकडे बघत होत्या. मला नंतर कळलं, की तो सगळा वेळ माझा हात कानावरच होता.

शेवटी त्यानं इंजिनाची टोपी काढायला घेतली.

"ही तार कोनाची?"

त्यानं तार तोडली, टोपी उचलली. खाली चार प्लग, त्यांच्या वर त्यांना ठिणगी पुरवणाऱ्या चार कॉइल. त्यानं तिसरी कॉइल उपसली आणि तिचं टोक उन्हात धरलं. त्यावर लालसर चिखल होता. त्यात एक अक्षत चिकटलेली होती, फुगून मोठी झालेली.

मिस्त्रीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. बोटानं तो चिखल पुसला, वास घेतला.

"काका, इंजिनाच्या पोटात कुंकू कसं गेलं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वहिनी उठून आल्या. त्यांनी ती अक्षत पाहिली, लाल चिखल पाहिला, मग कॉइल निघाली ते खोल छिद्र पाहिलं. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि गॅरेजचा पत्रा हादरत होता.

"म्हंजे मीच अडवली," त्या म्हणाल्या. "मी तं समजत होती का देव अडवून राह्यला."

"तुमी नाही वहिनी," मी म्हणालो. तोंडातून शब्द भराभर पडले. "मीच म्हनलं अथी टाका. मीच टोपी काढली, मीच पंप मारला. तुमी तं चाकावर टाकत होत्या. हे सगळं माह्यं शानपन हाये."

मिस्त्रीनं कॉइल फडक्यावर ठेवली. चिडण्यासारखं खूप काही होतं, पण त्याचा आवाज खालीच राहिला.

"काका, आल्याबरोबर सांगतलं असतं तं दुसऱ्या गाडीतली जुनी कॉइल लावून तुमाले दोन वाजता काढून देल्लं असतं. ती गाडी आत्ता अर्ध्या घंट्यापयले गिऱ्हाईक घेऊन गेलं. अन् दिवा पेटला त्याच दिवशी आनली असती तं नुसतं वाळवून भागलं असतं. आता ही जळाली. दुसरी अकोल्याहून बोलवा लागन. उद्या संध्याकाळी भेटन, परवा सकाळी गाडी."

अडीच वाजून गेले होते. मी टायरवर बसलो. आत्तापर्यंत मी लपवत होतो ते सगळं उघड्यावर आलं होतं आणि ज्यासाठी लपवलं तेही हातून गेलं होतं. गाडी थांबली होती. मी वहिनींच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. आता त्या म्हणणार, चला घरी.

"टेप मले पयल्याच दिवशी समजली होती," त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं.

"तुमी कायचे लपवता? तिच्या कडेनं उजेड दिसत होता. पुलाखालून गेलो का पिवळा पिवळा."

"मंग बोलल्या काहून नाही?"

त्यांनी पदर काखेपासून जरा दूर धरला. कापड फोडांना लागत असावं.

"बोलली असती तं थांबा लागलं असतं," त्या म्हणाल्या. "जबान देल्ली होती नं गाडीले. तुमी टेप लावली तं मले बरं वाटलं. दिवा दिसत नाही तं पेटलाच नाही, असं मीबी धरून चालली. मले नाही थांबाचं, भाऊजी. दुखते म्हनून म्हनते मी. मले मराचं नाही."

आमच्या घरात इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. दादा गेले तेव्हाही नाही. मिस्त्री पाठ करून हत्यारं पुसायला लागला. मी त्यांच्याच लेखी पाचवीतला पोरगा, सही पकडली गेलेला.

त्याच वेळी रस्त्याच्या वळणावर कारंजाकडून येणारी एस.टी. दिसली. वहिनींनी पाटी वाचली नाही, मला विचारलंही नाही. त्या सरळ रस्त्याच्या कडेला गेल्या आणि उजवा हात वर केला. बस थांबली.

"भाऊजी, फाइल घ्या," त्या पायरीवर चढता चढता ओरडल्या.

मी गाडीतून फाइलची पिशवी ओढली, किल्ली मिस्त्रीच्या हातात टाकली आणि धावलो. मागून त्याचा आवाज आला, "भाभी, संभालके जा! गाडीची फिकर नोका करू!"

बस खच्चून भरलेली होती. याच गर्दीला भिऊन आम्ही पहिल्या दिवसापासून गाडीनं जात होतो. वहिनींनी वरचा दांडा उजव्या हातानं धरला. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, दोन्ही हात सीटांच्या पाठींवर टेकवून, मधे थोडी जागा राहील असा. प्रत्येक वळणाला माणसं माझ्या पाठीवर येऊन आदळत होती. कोणाला म्हणावं, बाईंना जागा द्या, एवढं माझ्या तोंडून निघेना. दिवसभर फडाफडा खोटं बोललेल्या माणसाला एक खरं वाक्य जमत नव्हतं.

वहिनींनीच खिडकीजवळच्या बाईच्या खांद्याला हात लावला.

"माय, माह्या डाव्या आंगाले शेक सुरू हाये. जरा सरकतं का?"

ती बाई मांडीवरची भाजीची पिशवी उचलून पूर्ण उठलीच. "बसा नं बाई. कितवा हाये?"

"सोळावा."

"माह्या सासूले तेहतीस होते."

वहिनी बसता बसता थांबल्या. "अन्?"

"अन् काय? घरी हाये. सकाळीच शेंगा फोडून राह्यली होती, अन् माह्या नावानं बोंबलून राह्यली होती." ती माझ्याकडे बघून हसली. "तुमी कायले रडून राह्यले भाऊ? बसा नं खाली कुठं तरी."

मी रडतोय हे मला तेव्हाच कळलं. गमछा घरी राहिला होता. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. शेकाच्या खोलीतला माणूस दाराला कुलूप लावायच्या तयारीत होता. त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग वहिनींकडे. धुळीनं भरलेलं नेसूचं, घामानं चिकटलेला रुमाल.

"आज एवढा उशीर?"

"गाडी बिघडली," वहिनी म्हणाल्या. "माह्याच हातानं."

त्यानं काही न विचारता आतला दिवा लावला. जाड दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. आतून मशीनचा तो बारीक आवाज आला, थांबला, परत आला. दर वेळी मी तेव्हा मोबाइल काढायचो, व्हिडिओ बघायचो. त्या दिवशी काढला नाही.

दहा मिनिटांनी वहिनी बाहेर आल्या. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. पाणी पिऊन त्यांनी माझ्याजवळची फाइल स्वतःच्या हातात घेतली आणि बाहेरच्या दाराकडे चालता चालता म्हणाल्या,

"उद्याची एस.टी. किती वाजता हाये, ते विचारून घ्या."